शेपूट येईपर्यंत

आमच्या मोटरसायकल क्लबात नियम एकच आहे, आणि तोही पाळणं लोकांच्या जिवावर येतं. डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांवर धूळ इतकी उडते की पुढचा दिसेनासा झाल्याशिवाय मागच्याला निघताच येत नाही. म्हणून सगळ्यांत पुढे मी असतो, आणि जिथे फाटा फुटेल तिथे माझ्या मागच्याला उभं करतो. त्याने येणाऱ्या प्रत्येकाला वाट दाखवायची. सगळ्यांत शेवटी जो येतो त्याला आम्ही शेपूट म्हणतो. शेपटाने डावा हात उंचावला, की फाट्यावरचा सुटला. मग त्याने शेपटाच्या पुढे लागायचं. शेपटाच्या मागे कोणी राहता कामा नये. आणि हात दिसेपर्यंत जागचं हलायचं नाही.

शेपूट म्हणजे आमचा नेव्ह. साठी उलटलेला, आयुष्यभर लाकडाचे ट्रक हाकलेला माणूस. त्याची खोड अशी, की सगळ्यांची धूळ खाऊन कंटाळला की मधूनच डांबरी रस्त्याला लागायचा आणि डार्गन्स फ्लॅट गावच्या पबमध्ये आमच्या आधी जाऊन बसायचा. फाट्यावर कोण ताटकळतंय, याचं त्याला सोयरसुतक नसे.

रोवेनाचं आणि त्याचं बिनसलं ते गाडीवरून. ती गावातल्या दंतवैद्याकडे मदतनीस. पन्नाशीला टेकल्यावर तिच्या डोक्यात मोटरसायकल शिरली, आणि नेव्हने आपली जुनी गाडी तिच्या गळ्यात मारली. पिंपाएवढी टाकी, दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या. नवे लोक सगळे हीच चूक करतात. फोटोत वाळवंट बघतात आणि घरी म्हैस घेऊन येतात. रोवेनाने ती घराच्या फाटकातच तीनदा आडवी केली आणि तिसऱ्यांदा उचलायला शेजाऱ्याला हाक मारली. मग ती विकून तिने अडीचशे सीसीची एक हडकुळी गाडी घेतली, डांबरावरही चालणारी आणि चिखलातही. नेव्हला ते लागलं. त्याने स्वतःसाठी आणखी मोठी घेतली होती, आणि तिच्या गाडीला तो शिलाई मशीन म्हणू लागला.

"काय गं, आज किती पडदे शिवून झाले?"

"पडदे झाले. तुझ्या तोंडाला टाके घालायचे राहिलेत."

सर्व्हिसिंग शिकायला ती माझ्या शेडमध्ये यायची. ऑइल बदलणं, हवेच्या फिल्टरचा स्पंज धुऊन तेलात पिळणं, चेन ताणणं. चेन दोन बोटं सैल ठेव म्हटलं, तर दर खेपेला खरोखर दोन बोटं घालून बघायची. असल्या माणसांचा मला वैताग येतो. अंदाज नावाची काही चीज असते की नाही?

पहिल्याच फेरीत मी तिला फाट्यावर उभं केलं आणि नेव्ह डांबराने पसार झाला. पबमध्ये त्याला बघितल्यावर मी उलटा गेलो, तर ही डोक्यावर हेल्मेट तसंच ठेवून उभी. तिला पबमध्ये आणलं, तसा नेव्ह पोट धरधरून हसला. तिने निमूटपणे बटाट्याच्या चिप्स संपवल्या आणि घरी गेली.

पुढे एका रविवारी बुलक स्पर डोंगराच्या फाट्यावर पुन्हा तीच उभी होती. आम्ही बाकीचे पबमध्ये पोचलो. नेव्ह नव्हता. टीव्हीवर फुटबॉलचा सामना होता, म्हणजे स्वारी परस्पर घरी गेली, यावर सगळ्यांचं एकमत झालं. घरी फोन लावला तर कोणी उचलला नाही. तो तसाही उचलत नाही. मी रोवेनाला आणायला निघालो.

"चल," मी म्हटलं, "नेव्ह घरी गेलाय."

"तू पाहिलास?"

"पाहायला कशाला पाहिजे? त्याची खोड तुला माहीत नाही होय?"

"माझ्यासमोरून तो गेलेला नाही."

"रोवेना, ऊन उतरलंय. थोड्या वेळात कांगारू रस्त्यावर येतील. तिकडे सगळे बर्गर खाऊन सुस्तावलेत."

"सुस्तावू देत. तू मागे जाऊन बघून ये. मी इथेच आहे."

"आणि तो सोफ्यावर लोळत असला तर?"

"तर उद्या हसा मला. तुम्हाला सवय आहे."

हेल्मेटच्या आत मी तिला मनसोक्त शिव्या घातल्या आणि उलट्या वाटेला लागलो.

ओढ्याकडे उतरणाऱ्या दुसऱ्या वळणावर रस्त्याची कड तुटलेली दिसली. खाली नेच्याच्या झुडपांत नेव्हची गाडी आडवी, आणि पत्र्याच्या पेटीखाली त्याचा पाय. आता म्हैस त्याच्याच अंगावर बसली होती. तोंड पांढरंफटक पडलेलं, पण शुद्ध होती. रोवेनाला घेऊन मी तसाच परत गेलो असतो, तर सोमवारपर्यंत याला कोणी शोधलं नसतं.

मी गाडी कशीबशी उचलून धरली आणि त्याने पाय ओढून घेतला. पाय गुडघ्याखाली जिथे वळायला नको तिथे वळला होता. त्याला पाणी पाजलं.

"फाट्यावर कोण आहे?" त्याने विचारलं.

"शिलाई मशीन."

"आहे अजून?"

"आहे. हलायला तयार नाही."

"मला वाटलं, गेली असेल," तो म्हणाला. "मी तिच्या जागी असतो तर गेलो असतो, क्लेम."

मी माझं जाकीट त्याच्या अंगावर टाकलं आणि वर चढलो.

फोन लागायला मला फाट्याच्याही वर, धारेवर जावं लागलं. रुग्णवाहिका त्या वाटेने उतरणार नव्हती, म्हणून ती पबपाशी थांबणार होती, आणि खालच्या कुरणाचा मालक यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, घेऊन निघाला. जाता जाता मी रोवेनाला ओरडून सांगितलं, "सापडला. पाय मोडलाय." तिने मान हलवली. यूटला वळण दाखवायला कोणीतरी हवंच होतं, ते तिने दाखवलं.

नेव्हला हौद्यात गादीवर घालून, कांबळी गुंडाळून आम्ही परत निघालो तेव्हा दिवे लावावे लागले. मी पुढे, मागे यूट. फाट्याजवळ आलो तशी नेव्हने हौद्याच्या पत्र्यावर थाप मारली. मालकाने वेग कमी केला. रोवेना होती तिथेच उभी होती, हेल्मेट डोक्यावर.

कांबळ्यातून नेव्हचा डावा हात बाहेर आला आणि वर गेला. त्याने तो नीट उंच धरला.

रोवेनाने हातमोजे चढवले, गाडी सुरू केली आणि यूटच्या पुढे येऊन लागली. गावापर्यंत माझ्या आरशात आधी तिचा एकटा दिवा दिसत होता, मग यूटचे दोन. त्यांच्या मागे कोणी नव्हतं.