विठ्ठल आजोबांचे कापलेले हसू

मित्रांनो, माझी लाल स्पंजाची टोपी फाटली आहे आणि माझ्या वायरीला दोन ठिकाणी चिकटपट्टी लावलेली आहे. तरी मला टाकून देऊ नका, मला अजून नीट ऐकू येते. मी डिचोलीतल्या ‘घुमट न्यूज’चा माईक आहे. तुमच्या घरातली मोठी माणसे मोबाईलवर गावच्या बातम्या बघतात ना, त्यात बोलणाऱ्याच्या तोंडापुढे जो धरलेला असतो, तो मी.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. आठवते ते म्हापशाच्या दुकानातले काचेचे कपाट. तिथून मला गौरवीने उचलले. ती कारापूरची. कॉलेज नुकतेच संपलेले आणि बोलण्याची भारी हौस! दुकानातच तिने मला तोंडाशी धरले आणि म्हणाली, “नमस्कार, मी गौरवी.” दुकानदार हसला. मला मात्र तो आवाज त्याच क्षणी आपला वाटला.

‘घुमट न्यूज’ म्हणजे बाजारातल्या एका इमारतीतली एक खोली, एक संगणक आणि रुद्रेशबाब. मालक तोच, व्हिडिओची कापाकापी करणाराही तोच, जाहिराती आणणाराही तोच. माणूस मनाने चांगला. सकाळी येताना सगळ्यांसाठी गरम पाव आणायचा, आणि गौरवीला उशीर झाला तर तिच्या वाट्याचा रुमालात गुंडाळून ठेवायचा.

काय दिवस होते ते! पेडण्याच्या दसऱ्याला मी माणसांच्या खांद्यांवरून पुढे गेलो. शिगम्यात ढोलांच्या इतक्या जवळ उभा राहिलो की माझी जाळी थरथरली. कुठला रस्ता बंद आहे, कुठे वीज जाणार आहे, कुणाची गाय हरवली आहे, सगळे माझ्यातून गावभर जायचे. लोक भेटले की म्हणायचे, “गौरवीबायने सांगितलं म्हणजे खरंच असणार.” तेव्हा मला माझ्या लाल टोपीचा अभिमान वाटायचा.

मग ती चतुर्थीच्या आधीची दुपार आली. गणपतीच्या डोक्यावरच्या माटोळीला बांधायची फळे घेऊन लोक डिचोलीच्या बसस्टँडवर गर्दी करून होते. गौरवी त्यांच्याशी बोलत हिंडत होती. एका बाकावर एक म्हातारे गृहस्थ पिशवी मांडीवर घेऊन बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. हे विठ्ठल आजोबा. मूळचे सिंधुदुर्गातले. खाणीचा माल वाहणारा ट्रक चालवायला इकडे आले आणि सर्वणला घर करून राहिले.

“आजोबा, का रडता?” गौरवीने मला पुढे केले.

“अगो बाय, रडणंय नाय मी! डोळ्याचा ऑपरेशन झाला, म्हणान थेंब घातलेत. सून औषधां आणूक गेली, माका हय सावळेत बसवन.” आणि मग डोळे मिचकावून म्हणाले, “म्हाताऱ्याक घरात विचारता कोण?” क्षणभर थांबले. “विचारीत नाय गो ती, न सांगताच सगळा हातात आणून देता!” असे म्हणून ते इतके मोठ्याने हसले की शेजारच्या बाईच्या हातातला नारळ सुटला.

ते हसू मी जसेच्या तसे ऐकले आणि जसेच्या तसे पुढे पाठवले. माझे काम तेवढेच असते, मित्रांनो. पुढे काय ठेवायचे आणि काय कापायचे, ते माझ्या हातात नसते.

त्या महिन्यात जाहिराती आटल्या होत्या. गौरवी घरी गेल्यावर रुद्रेशबाबने ते ऐकले, एकदा दाराकडे पाहिले आणि कापायला बसला. ‘म्हाताऱ्याक घरात विचारता कोण’ ठेवले. थेंब कापले, औषधे कापली, हसू कापले. मागे बासरीचे रडके सूर घातले आणि वर लिहिले, ‘सुनेने टाकले, आजोबा बसस्टँडवर रडले.’

पडद्यावरचा बघणाऱ्यांचा आकडा पळू लागला. इतका तो कधीच पळाला नव्हता. गौरवीने ते घरी मोबाईलवर पाहिले. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मला हातात घेतलेच नाही. “रुद्रेशबाब, हे काढा,” एवढेच म्हणाली. तो म्हणाला, “चतुर्थी होऊ दे.”

चतुर्थी व्हायच्या आतच विठ्ठल आजोबा खोलीत आले. मागे दाराशी त्यांची सून सुलोचना उभी होती. तिचा नवरा मुरगाव बंदरात कामाला, आठवड्यातून एकदा घरी येणारा. घर, सासरा आणि काजूच्या कारखान्यातले काम, सगळे तिच्याच अंगावर. कारखान्यातल्या बायकांनी तिच्याशी बोलणे टाकले होते. मासळीबाजारात कोणीतरी तिला ऐकू जाईल अशी शिवी हासडली होती. सख्ख्या भावाने फोन करून विचारले होते, “तां खरा काय गो?”

“माझा हसणा खय गेला, बाबा?” आजोबांनी विचारले.

रुद्रेशबाब खुर्चीतून उठला. “आजोबा, बसा. आमचाही हा धंदाच आहे ना. लोक बघतात तेव्हा जाहिरात मिळते. फुकट बघणाऱ्या माणसाने मोबाईलवरच्या बातमीकडून इतकी अपेक्षा ठेवायची नसते. आणि ठेवतो तरी कोण?”

“मी ठेवतंय.” दारातून सुलोचना बोलली. आवाज अगदी हळू होता, पण मी टेबलावर होतो आणि मला शब्द न् शब्द ऐकू आला.

“आमच्या वाड्यार माका इतकी वर्षां बघतत. तरी माझ्यार कोणी विश्वास ठेवलो नाय, तुमच्यार ठेवलो. तुमच्याकडसून कोण खऱ्याची अपेक्षा ठेवीत नसतो, तर माका कोणी एक शब्द बोलला नसता. लोक तुमका खरे मानतत, त्येच्यारच तुमचो धंदो चलता. मगे अपेक्षा कित्याक नको?”

पडद्यावरचा आकडा अजून पळतच होता. रुद्रेशबाबने त्याकडे पाहिले, आणि मग स्वतःच्या हाताने तो व्हिडिओ काढून टाकला.

“सगळं लावूया,” गौरवी म्हणाली. “न कापता.”

“हसण्यासकट?”

“हसण्यासकट.”

त्या दिवशी रुद्रेशबाबने मला पहिल्यांदा हातात धरले. “वाक्य आम्ही अर्धं कापलं,” तो म्हणाला, “दोष सुलोचनावहिनींचा नाही, माझा आहे.” तीन वेळा अडखळला, पण ते अडखळणेही त्याने कापले नाही.

मित्रांनो, खोटे जितके पळाले तितके हे पळाले नाही, हे तुम्हाला सांगायलाच हवे. पुष्कळांनी ते पाहिलेच नाही. पण काजूच्या कारखान्यात संजना नावाच्या बाईने जेवणाच्या सुट्टीत ते सगळ्यांना ऐकवले. आजोबा हसले तेव्हा बायकाही हसल्या, आणि संजनाने आपला डबा सुलोचनेच्या पुढे सरकवला. काही जणी मात्र तोंड फिरवूनच बसल्या. त्या अजूनही तशाच आहेत, असे गौरवी सांगते.

आमचेही नुकसान झाले. पुढच्या पावसाळ्यात सर्वणच्या रस्त्यावर एक भला मोठा आंबा उन्मळून पडला. वाड्यावरची एक आजारी मुलगी दवाखान्यात न्यायची होती आणि गाडी अडकली होती. बातमी गेली तर मदत लवकर येणार होती. आम्ही धावत गेलो. गौरवीने मला पुढे केले आणि लोक मागे सरकले. “नको गो बाय, तुम्ही भलतंच दाखवशात.” गौरवीचा हात खाली आला. ज्यात कोणीच बोलत नाही तो माईक किती जड होतो, ते मला त्या दिवशी कळले.

मग छत्री मिटत एक बाई पुढे आली. सुलोचना होती. तिने माझ्याकडे पाहिले, गौरवीकडे पाहिले, आणि मागे मोबाईल धरून उभ्या असलेल्या रुद्रेशबाबकडे पाहिले.

“पुरा दाखयतलात?”

“पुरं, वहिनी,” तो म्हणाला.

आणि ती बोलली. तिच्या मागून दुसरी बोलली, तिसरी बोलली. तासाभरात करवती घेऊन माणसे आली, झाड बाजूला झाले आणि मुलगी दवाखान्यात पोचली.

आता रुद्रेशबाबने नवे, शर्टाला लावायचे इवलेसे माईक आणले आहेत. मी बहुतेक वेळ खणात असतो. माझी तक्रार नाही. एकच मागणे आहे. आमच्यासारख्यांचे पोट तुमच्या बघण्यावर चालते. म्हणून ‘हे असेच असायचे’ असे म्हणून आम्हाला सोडून देऊ नका. आम्ही कितीही लहान असलो, कितीही फुकट मिळत असलो, तरी आमच्या समोर उभे राहा आणि सुलोचनेसारखे विचारा, “पुरं दाखवाल ना?” उत्तर द्यावे लागते, मित्रांनो. मी ते देताना ऐकले आहे.