सरांच्या कॉलरवरून

मी माईक बोलतोय. कॉलरला चिमट्याने अडकवायचा, वाटाण्याएवढा, काळा, मागे लांब वायर असलेला. आजवर माणसं माझ्यापुढे बोलत आली आणि मी निमूट ऐकत आलो. आता मला थोडं बोलू द्या.

माझा कारखाना मला आठवत नाही. पहिली आठवण आहे ती एका टीव्ही वाहिनीच्या स्टुडिओची, तिथल्या दिव्यांच्या उकाड्याची आणि मामांच्या बोटांची. मामा म्हणजे तिथे आवाजाचं काम बघणारे गृहस्थ. ते कोणाचेच मामा नव्हते, पण मोठ्या साहेबांपासून चहा आणणाऱ्यापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. त्यांनी माझी वायर तपासली आणि मला सरांच्या शर्टाच्या कॉलरला लावलं.

सर 'घेण्याआधी' नावाचा कार्यक्रम करायचे. बाजारात आलेलं एखादं यंत्र, म्हणजे फोन, मिक्सर, कपडे धुण्याचं मशीन, ते घरी नेऊन काही दिवस वापरायचे आणि मग ते घ्यावं की नाही हे प्रेक्षकांना सांगायचे. "मी हे स्वतः वापरलंय," या वाक्याने ते सुरुवात करत. लोकांना ते वाक्य पाठ होतं.

सर पडद्यावर अगदी शांत दिसत. पण मी त्यांच्या छातीजवळ असायचो. दिवे लागले की शर्टाखाली जी धडधड सुरू व्हायची, ती मला आणि हेडफोन लावलेल्या मामांनाच ठाऊक. मामा काचेपलीकडून हाताने 'सावकाश' अशी खूण करत. सर एक श्वास घेत आणि बोलायला लागत.

एकदा सरांनी एक मिक्सर सगळ्यांसमोर चालू केला. तो टेबलावर नाचत नाचत कडेपर्यंत गेला. त्या मिक्सरची जाहिरात देणारे साहेब बाजूलाच उभे होते. त्यांचा चेहरा पडला. सर म्हणाले, "बघा, याला एका हाताने धरून ठेवावं लागतं. घरात तेवढी सवड असेल तर जरूर घ्या." ते साहेब पुन्हा आले नाहीत. सरांच्या शब्दाला वजन होतं ते अशामुळे.

मग काळ बदलला. ठरलेल्या वेळी टीव्हीसमोर बसणारी माणसं कमी झाली. जो तो आपल्या सवडीने फोनवर बघायला लागला आणि एका सकाळी कार्यक्रम बंद झाल्याचं सरांना सांगण्यात आलं. मामांनी मला गुंडाळून सरांच्या मुठीत ठेवलं. "हा तुमच्याच आवाजाला सरावलाय," ते म्हणाले. "इथे राहून काय करणार?"

असा मी घरी आलो. सरांची मुलगी मोठी हुशार. तिने मागची खोली रिकामी केली, आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर जाड रजया लटकवल्या आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, आपण इंटरनेटवर करू. तुम्ही बोला, बाकी सगळं माझ्याकडे." कॅमेरा ती, दिवे ती, कापाकापी करून चित्रफीत तयार करणारी तीच. रेकॉर्डिंग चालू असलं की बाई, म्हणजे सरांच्या पत्नी, स्वयंपाकघरात भांडंही वाजू देत नसत. "तुमच्या त्या कार्यक्रमापायी मी घरात चोरासारखी वावरते," असं म्हणत, पण प्रत्येक भाग सगळ्यांत आधी त्याच बघत.

कार्यक्रम चालला. जुने प्रेक्षक शोधत आले, नवे जोडले गेले. सर खूश होते.

सरांचा आवाज वाढायला लागलाय, हे मला आधी कळलं. रोज थोडा थोडा. मुलगी रेकॉर्डिंगच्या यंत्रावर माझ्या आवाजाची पातळी कमी करायची, पुढच्या वेळी आणखी कमी करायची. बाई आतून विचारायच्या, "अहो, साखर संपलीय, आणाल का?" आणि सर उत्तर द्यायचे, "हो, आवरलंय माझं." त्यावर घरात हशा पिकायचा. सरही हसायचे, पण जरा उशिरा.

एका भागात ते ओव्हनबद्दल बोलत होते. "पदार्थ तयार झाला की हा ओव्हन काहीच आवाज करत नाही. ही मोठीच उणीव आहे." ओव्हन त्यांच्या कोपराशी चांगला टीं टीं करत होता. मुलीने ते वाक्य गुपचूप कापलं. मलाही वाटलं, असेल लक्ष दुसरीकडे.

मग इअरफोनचा भाग आला. सरांनी ते आठवडाभर वापरले आणि कॅमेऱ्यासमोर मनापासून सांगितलं, "आवाज काचेसारखा स्वच्छ आहे. डोळे मिटून विकत घ्या." रेकॉर्डिंग संपल्यावर मुलीने सहज ते आपल्या कानात घातले. तिचा चेहरा बदलला.

"बाबा, यात शीळ वाजतेय. बारीक, सारखी."

"कुठे?" सरांनी ते पुन्हा घातले, डोळे मिटले, बराच वेळ बसले. "छे. काही नाही."

ती उठली. तिने कॉम्प्युटरवर एक आवाज लावला. आधी जाड, घोगरा, मग हळूहळू बारीक होत जाणारा. "ऐकू येतंय तोवर हात वर ठेवा," ती म्हणाली. सरांनी हात वर केला. आवाज चढत गेला. मध्येच सरांचा हात खाली आला आणि ते म्हणाले, "संपला."

आवाज चालूच होता. मुलीला ऐकू येत होता, मला ऐकू येत होता. दारात उभ्या असलेल्या बाईंनाही येत होता. सरांनी आम्हा तिघांकडे... नाही, त्या दोघींकडेच पाहिलं आणि त्यांना कळलं. मी अजून त्यांच्या कॉलरवर होतो. स्टुडिओत दिवे लागले की व्हायची तशी धडधड मी पुन्हा ऐकली.

त्यानंतर खोली बंद राहिली. सर चिडचिडे झाले, मग गप्प झाले. बाई म्हणाल्या, "डोळ्यांना चष्मा लागला तेव्हा नाही एवढा त्रागा केलात."

"चष्म्याने माणूस शिकलेला दिसतो," सर म्हणाले. "कानातल्या यंत्राने म्हातारा."

मुलीने एक तोड काढली. "मी ऐकत जाईन आणि तुम्हाला सांगेन. तुम्ही फक्त बोला. कोणाला कळायचं कारण नाही."

सरांनी हातातले इअरफोन टेबलावर ठेवले. "मग 'मी स्वतः वापरलंय' हे कोणी म्हणायचं?"

सरांनी मला उचललं आणि तिच्या कॉलरला लावलं. "तू पुढे बस. मी शेजारी बसतो."

"बाबा, मला कॅमेऱ्यासमोर नाही जमत."

"सुरुवातीला मलाही जमायचं नाही. एक श्वास घे आणि सुरू कर."

तिच्या छातीतली धडधड हुबेहूब वडिलांसारखी होती. तिने श्वास घेतला आणि सांगितलं, की या इअरफोनमध्ये बारीक शीळ वाजते, ते घेऊ नका. मग सर तिच्या बाजूला सरकले, माझ्याजवळ तोंड आणलं आणि म्हणाले, "ही शीळ मला ऐकू आली नाही. मला आता बारीक आवाज ऐकू येत नाहीत. यापुढे आवाजाच्या वस्तूंबद्दल ही सांगेल. बाकीच्या मी बघेन." एवढंच.

त्या भागाला आले तेवढे प्रतिसाद कशालाच आले नव्हते. एका प्रेक्षक महिलेने लिहिलं होतं, 'माझे वडील आता फोन घेतच नाहीत. आम्हाला वाटायचं ते रागावलेत. तुम्ही कानाच्या यंत्रांवर एक भाग कराल का?'

मुलीने ते मोठ्याने वाचून दाखवलं. सरांनी पुन्हा वाचायला लावलं. मग बाईंना म्हणाले, "करायचा तर वापरून बघायला हवं." बाईंनी लगेच डॉक्टरांना फोन लावला. यांचं मन फिरायच्या आत.

कानाला यंत्र लावून सर घरी आले त्या दिवशी ते दारातच थांबले. स्वतःच्या चपलांचा आवाज त्यांना नवा होता. मग वर्तमानपत्राची सळसळ, नळाची टिपटिप, पंख्याची कुरकुर. वैतागून म्हणाले, "आपल्या घरात एवढा आवाज असतो?"

"आम्ही त्यातच राहत होतो," बाई म्हणाल्या.

पहिले काही दिवस सर ते यंत्र काढून फेकायला निघायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सवयीला वेळ लागेल. सरांनी चिकाटीने वापरलं. कंटाळले तेही नोंदवलं, कारण प्रेक्षकांना तेही सांगायचं होतं.

मग त्या भागाचं रेकॉर्डिंग ठरलं. मी पुन्हा सरांच्या कॉलरवर आलो. मुलीने या वेळी माझा आवाज बाजूच्या लहान स्पीकरवरही सोडला होता. सर बोलायला लागले आणि दोन वाक्यं होताच थांबले. मान तिरकी केली.

"खरखर येतेय," ते म्हणाले.

मुलीने लगेच हेडफोन दाबून धरले. "हो, येतेय. स्पीकरवर तुम्हाला ऐकू आली?"

सर माझ्या वायरवरून हळूहळू बोट फिरवत गेले. चिमट्याच्या खाली, जिथे ती रोज वळते, तिथे बोट टेकताच मी खरखरलो. माझी तार आतून तुटत आली होती. "हे बघ, इथे," ते म्हणाले. मुलगी हसत होती आणि नाक ओढत होती. सर मात्र पुन्हा पुन्हा तिथेच बोट दाबून बघत होते आणि प्रत्येक वेळी मान डोलावत होते.

माझं काम त्या दिवशी संपलं. मला त्याचं दुःख नाही, असं म्हणणार नाही. पण माझा दोष सरांनी स्वतःच्या कानाने पकडला. आणखी काय हवं?

आता माझ्या जागी बिनवायरचा नवा माईक आहे. मी टेबलाच्या खणात, एका कापडात असतो. तुमच्याकडे मागणं एकच आहे. घरातलं कोणी पुन्हा पुन्हा 'काय?' म्हणून विचारत असेल, तर 'काही नाही, जाऊ दे' म्हणू नका. तोंडासमोर या आणि पुन्हा सांगा. 'जाऊ दे' हे शब्द ऐकू आले नाहीत तरी चेहऱ्यावर वाचता येतात.

मला काढताना सर काय म्हणाले ते सांगतो आणि थांबतो. त्यांचा आवाज पुन्हा खाली उतरला होता. शेजारी कोणी झोपलं असेल तर माणूस बोलतो, तसा. ते म्हणाले, "ये, उतर आता. खूप ऐकलंस."