बोरूतला वटवट्या

बसमध्ये बसल्यापासून बाबांनी परतीची बस किती वाजता आहे हे चार वेळा विचारलं. अजून आम्ही पोचलोही नव्हतो. चौथ्यांदा आईने पर्समधून तिकीट काढून त्यांच्या हातात ठेवलं. "सहा वाजून दहा मिनिटं. खिशात ठेवा, म्हणजे माझं तोंड दुखणार नाही."

बाबा पियानोचे सूर जुळवतात. शाळा, क्लब, हॉटेलं, बड्या लोकांचे दिवाणखाने, जिथे पियानो असेल तिथे वर्षातून एक-दोनदा बाबांची कातडी पिशवी जाते. तळ्याकाठच्या त्या कॉलेजच्या शहरात ते एकतीस वर्षं जात होते. संगीत विभागाचे सहा पियानो त्यांच्याकडे. पण एकतीस वर्षांत त्या शहरातलं त्यांनी पाहिलं काय, तर बसस्टँड, सभागृहाचं मागचं दार आणि पुन्हा बसस्टँड. तळं केवढं आहे विचारलं तर म्हणायचे, "असेल बऱ्यापैकी."

आई तीस वर्षं हॉस्पिटलच्या टेलिफोनवर बसली. यंदा निवृत्त झाली आणि तिने जाहीर केलं, की लोक लांबून जे तळं, ज्या बागा आणि जे पक्षी बघायला जातात, ते आपणही बघायचे. उन्हाळ्याची सुट्टी, कॉलेज बंद, तेव्हा कामाचं निमित्तही नको. मला दुकानातून रजा काढायला लावली. मी एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते.

खरं तर बाबांचं दोन-तीन महिने काहीतरी बिनसलं होतं. जेवता जेवता उठायचे, रेडिओ लावायचे, बंद करायचे. आपण बोलायला लागलो की खिडकीशी जाऊन उभे राहायचे. बाबांनी केलेलं काम पुन्हा करायला एका शाळेने बोलावलं होतं, हे मला आईकडून कळलं. बाबांचं म्हणणं, हवा दमट आहे, तारा सूर सोडतात. हवा तर दर वर्षीच दमट असते.

साडेआठला पोचलो. ऊन तेव्हाच चढायला लागलं होतं. वसतिगृहांच्या खिडक्या बंद, सायकलींच्या रांगेत दोनच सायकली, आणि रस्ताभर झाडांची दाट सावली. बागेच्या दारातून आत शिरलो तसे बाबा आमच्या पुढे वीस पावलं. गुलाबांचे ताटवे झाले, कमळांचं कुंड झालं, काचेच्या घरातली निवडुंगं झाली. आई एकेका पाटीवरचं नाव वाचायला थांबायची आणि मान वर करेपर्यंत बाबा पुढच्या वळणावर. ते बाग बघत नव्हते, बाग उरकत होते.

"अहो, कुणी मागे लागलंय का?"

"बघतोय की. छान आहे."

"काय छान आहे?"

"सगळंच."

तळ्याच्या काठी एक पाटी होती. नऊ वाजता पक्षी दाखवायला नेतात, कुणीही यावं. आईने आमची नावं दिली. दाखवणाऱ्या बाई कॉलेजच्याच प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला होत्या. किडकिडीत अंगाच्या, मोठी टोपी, गळ्यात दुर्बीण, आणि बोलणं अगदी हळू. आम्ही मिळून आठ-नऊ जण होतो. सुरुवातीला सगळं सोपं होतं. पंख वाळत घालून बसलेला पाणकावळा, बदकं, ताठ मानेचा बगळा, निळी रेघ मारून गेलेला खंड्या. बाबाही जरा रमल्यासारखे वाटले. एका गृहस्थांची दुर्बीण मागून घेऊन त्यांनी खंड्या पाहिला.

मग काठावरून पाण्यात गेलेल्या लाकडी पुलावर बाईंनी सगळ्यांना थांबवलं. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेलं बोरूचं गवत होतं.

"इथे डोळ्यांचं काम नाही," बाई म्हणाल्या. "हा पक्षी अंगठ्याएवढा. आत कुठेतरी बसतो आणि सारखा बोलतो, म्हणून त्याचं नाव वटवट्या."

एरवी हे ऐकून बाबांनी आईकडे बघत काहीतरी टाकलं असतं. आई त्याची वाटही बघत होती, मला दिसलं. पण बाबा गप्प.

आवाज सुरू झाला. ओल्या काचेवरून बोट फिरवावं तसा, अगदी बारीक, थांबून थांबून. सगळ्यांचे चेहरे एकदम उजळले. बाबांचाही उजळला, पण क्षणभर उशिरा. मग ते मान डोलवायला लागले.

ती मान मला ओळखीची होती. दुकानात रोज एखादा तरी येतो, ज्याने तक्त्याची शेवटची ओळ आधीच्या माणसाकडून ऐकून पाठ केलेली असते. मी बोट ठेवायच्या आत तो धडाधड अक्षरं म्हणतो आणि माझ्याकडे असाच बघतो. जमलं ना?

बाईंनी बोट वर केलं. आवाज थांबला होता. बोरूची पानं तेवढी एकमेकांवर घासत होती. बाबा डोलतच होते. "फार गोड," ते म्हणाले. "फार बारीक आवाज."

बाईंना काय कल्पना. त्या हसून म्हणाल्या, "तुमचे कान तयार दिसतात. परत लागला बघा. सांगा, कुठून येतोय?"

बाबांनी सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. कुणी कुठे बघत नव्हतं, सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

"डावीकडून," बाबा म्हणाले.

तो उजवीकडे होता. हात लांब केला असता तर लागला असता इतका जवळ. दुर्बीणवाले गृहस्थ हळूच म्हणाले, "इकडे, उजवीकडे. त्या वाकलेल्या काडीवर."

"हो, तोच म्हणतोय मी."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बाबांनी घड्याळ पाहिलं, रुमाल काढला, परत ठेवला. "मी जरा सभागृहात जाऊन येतो. मोठा पियानो परीक्षेआधी जुळवला होता, कसा राहिलाय बघतो. तुम्ही पक्षी बघा." आणि पुलाच्या फळ्या वाजवत निघूनच गेले.

मी निघाले तर आईने माझं मनगट धरलं. "पळणाऱ्या माणसाच्या मागे धावू नये. चालत जाऊ."

आम्ही चालत गेलो. मागचं दार उघडं होतं. आत गार, अर्धवट अंधार, खुर्च्यांवर चादरी. रंगमंचावर मोठ्या काळ्या पियानोवरचं कापड बाजूला केलेलं आणि बाबा उभ्यानेच अगदी उजवीकडची शेवटची पट्टी दाबत होते. पुन्हा पुन्हा. सभागृहाचा रखवालदार किल्ल्यांचा जुडगा घेऊन पायरीवर बसला होता. हाही बाबांच्या वयाचा, त्यांना मास्तर म्हणायचा.

बाबांनी मागे न बघता आईला विचारलं, "काय ऐकू येतंय?"

"तुम्हाला काय येतंय?"

"मी तुला विचारलं."

आई रंगमंचावर गेली, पियानोजवळ कान नेला. बाबांनी शेवटच्या बारा पट्ट्या एकेक करून वाजवल्या.

"स्वच्छ आहे," आई म्हणाली. "एकेकच आवाज येतो. कुठे खरखर नाही."

"एकच? दोन-तीन मिसळल्यासारखे नाहीत?"

"एकच."

बाबा बाकावर बसले. बसमधून उतरल्यापासून पहिल्यांदाच बसले. एका सुराला तीन तारा असतात, ते मला सांगायला लागले, तिन्ही तंतोतंत जुळल्या की एकच आवाज येतो, नाहीतर लाटा उठतात. बोलता बोलता त्यांचे खांदे खाली आले. बघता बघता दहा वर्षांनी तरुण झाला माणूस.

"मग काय तर," रखवालदार कौतुकाने म्हणाला. "तुमच्यानंतर तो दुसरा आला ना यंत्रबिंत्र घेऊन, त्यानेही वरचे बारीक सूर तेवढेच—"

आणि त्याने जीभ चावली.

"कोण दुसरा?" बाबांनी विचारलं.

रखवालदाराने आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. झाकली मूठ उघडली होती, आता बंद करता येत नव्हती. "संगीत विभागाच्या मॅडमनी बोलावला होता. एक तरुण आहे. मास्तरांना सांगू नको म्हणाल्या. तुमच्या भल्यासाठीच म्हणाल्या."

"सगळे सहा केले त्याने?"

"पाचच. चार नंबरच्या खोलीची किल्ली त्या दिवशी सापडेना."

बाबा उठले आणि चालायला लागले. मागोमाग रखवालदार, त्याच्या मागे आम्ही. चार नंबरची खोली म्हणजे एक खिडकी, एक स्टूल, भिंतीला टेकलेला जुना पियानो आणि कोंडलेली हवा. बाबांनी वरची एक पट्टी दाबली आणि आईकडे पाहिलं. आई खिडकी उघडायला गेली.

"खरं सांग."

"लाईनवर दोन माणसं एकदम बोलतात ना," आई म्हणाली, "तसं. एकात एक घुसल्यासारखं."

मलाही येत होतं ते. ऐकताना दात शिवशिवत होते. बाबांनी कोटाच्या खिशातून त्यांची खुंट्या पिळायची किल्ली काढली. पिशवी आणायची नाही असं आईने बजावलं होतं, किल्लीबद्दल ती बोलली नव्हती. त्यांनी झाकण उघडलं, खुंटीला किल्ली लावली. "सांग मला." आई सांगत गेली. अजून दोन आहेत. अजून. आता जवळ आले. पुढे गेलं, मागे घ्या. थांबा, आता एकच. एका सुराला दहा मिनिटं लागली. बाबांच्या मानेवरून घाम ओघळत होता.

"दुसरा घ्यायचा?" आईने विचारलं.

"नको." किल्ली काढून त्यांनी खिशात टाकली. "वरच्या सुरांचा मला नुसता लाकडाचा ठोका येतो. परीक्षेच्या आधीपासून. मी मागच्या सवयीने, हाताच्या अंदाजाने करत होतो. पोरं यावर शिकतात. त्यांना वाटणार, सूर असाच असतो."

मग ते बाहेर पायऱ्यांवर गेले आणि मॅडमना फोन लावला. फोन त्यांनी मोठ्या आवाजावर ठेवला, कानाला धरला नाही. हे मी पहिल्यांदाच पाहत होते. कुठली खोली, कुठला सूर, सगळं त्यांनी सांगितलं.

"मला कळलं होतं," मॅडम म्हणाल्या. "तुमचा अपमान होईल म्हणून बोलले नाही."

"तुम्ही बोलला नाहीत म्हणून झाला."

"हो," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं."

बाबा पायरीवर एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होते. "वरचं त्या मुलाकडून करून घ्या. मधलं आणि खालचं मी करीन. हातोड्यांवरचा लोकरीचा नमदा बदलता येतो त्याला?"

"नाही येत. शिकवाल का त्याला? दोघं एकाच दिवशी या."

"बघू," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतर त्यांना शांत वाटायला हवं होतं, पण तसं काही झालं नाही. दुपारभर आम्ही तळ्याभोवती फिरलो. बाबा बाकावर बसायचे, दोन मिनिटांत कठड्याशी जायचे, परत यायचे. मध्येच म्हणायचे, त्या क्लबच्या पियानोचं काय केलं असेल मी. मध्येच म्हणायचे, एकतीस वर्षं. एकदा बगळा उडाला आणि जाता जाता फाटक्या आवाजात ओरडला.

"हा मला आला," बाबा म्हणाले.

"हा मेलेल्यालाही येईल," आई म्हणाली.

बाबा हसले, पण मग लगेच उठून पाण्याशी गेले. आई त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मी मागेच थांबले. काहीतरी ऐकू आलं की ती त्यांच्या दंडाला बोट लावत होती आणि तिकडे हात करत होती. ते बघत होते. कधी दिसत होतं, कधी नाही.

परतीच्या बसमध्ये अर्ध्या वाटेवर बाबा म्हणाले, "मंगळवारी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन येईन म्हणतो."

"सोमवारी," आई म्हणाली. "साडेदहाला. तीन आठवड्यांपूर्वीच वेळ घेतलीय."

बाबा वळून तिच्याकडे बघत राहिले. "आणि मला सांगितलं नाहीस? तूसुद्धा?"

"दोनदा सांगितलं. तुम्ही हो म्हणालात."

सोमवारी ते गेले. मी दुकानातून मध्येच निघून त्यांच्याबरोबर गेले. बंद खोलीत कानांवर हेडफोन चढवून त्यांना बसवलं, आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. बाहेर डॉक्टरांच्या यंत्रावर आवाज गेल्याचा दिवा लागायचा आणि काचेतून मला दिसत होतं, बारीक आवाजांना त्यांचा अंगठा बटणावर घुटमळत होता. दाबायचा मोह होत असणार. एकदा त्यांनी काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घातली, माझ्या चेहऱ्यावरून त्यांना काही कळू नये म्हणून. परत वर पाहिलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि अंगठा बटणापासून लांब, गुडघ्यावर ठेवला होता.