माशाच्या डोक्यातली खसखस

मुकुंदरावांनी रोहूचं डोकं उलटं धरून मानेकडच्या भोकातून चिमटा आत घातला, तसे ते डोकं विकत घेतलेले गृहस्थ दचकले. माशाला काही रोग झालाय का, असं त्यांनी कोळणीला विचारलं.

"डाक्टर साब चेक कर रैं," यादम्मा म्हणाली आणि पुढचा मासा कापायला घेतला.

मुकुंदराव डॉक्टर नव्हते. तारनाक्याच्या एका प्रयोगशाळेत तांत्रिक सहायक होते. माशाच्या मेंदूखाली खसखशीएवढी पिट्युटरी ग्रंथी असते, ती त्यांना हवी असायची. कवटी फोडून ती काढणं सोपं. पण फुटकं डोकं कालवणाला कोण घेणार? म्हणून अंबरपेठच्या बाजारात दर रविवारी ते यादम्माशेजारी बसत, मागच्या मागे ग्रंथी काढून घेत आणि डोकं होतं तसं गिऱ्हाइकाला परत देत. माशाची तक्रार नव्हती. काही महिन्यांत गिऱ्हाइकं 'चेक केलेलाच' मासा मागू लागली, तेव्हा शेजारच्या दुकानदारानं आपल्या मेहुण्याला चिमटा देऊन बसवलं. तो आतून काय काढायचा, देव जाणे.

या ग्रंथींतून डॉ. केतकी लेले एक संप्रेरक वेगळं काढू पाहत होती. थायरॉइडला 'ऊठ, कामाला लाग' असं सांगणारं. माणसांत त्याला टीएसएच म्हणतात. मुकुंदरावांच्या पत्नीला, भामाबाईंना, ते नाव पाठ होतं, कारण त्यांचा स्वतःचा थायरॉइड उठायला तयार नसे.

"मी सकाळी रक्त देते, संध्याकाळी आकडा हातात," त्या म्हणायच्या. "तुमच्या माशाचं काय अडायलंय?"

मुकुंदराव समजावून सांगत. माणसाचं किट माशाला चालत नाही. माशाचं संप्रेरक आधी शुद्ध काढायचं, ते सशाला टोचायचं, मग सशाच्या रक्तात त्याला ओळखणारी द्रव्यं तयार होतात, आणि त्यांच्या मदतीनं मोजणी.

"म्हणजे आता ससा पण आला," भामाबाई म्हणाल्या आणि कुकर लावायला गेल्या.

खरी अडचण सशाची नव्हती. त्याच ग्रंथीत अंडी घालायला लावणारं दुसरं संप्रेरक असतं, आणि दोघं सख्ख्या भावांसारखी दिसतात. एकाला बोलवावं तर दुसरा आधी येऊन बसतो. सशाला चुकीचा भाऊ टोचला गेला, तर पुढची सगळी मोजणी त्या भावाची. मुकुंदराव येत्या जानेवारीत निवृत्त होणार होते. आजवर त्यांनी कितीतरी प्रयोगांची भांडी धुतली होती, आणि प्रत्येक प्रयोग फळाला यायच्या वेळी त्यांना दुसऱ्या खोलीत हलवलं गेलं होतं. हा एक तरी शेवटपर्यंत पाहायचा, एवढीच त्यांची इच्छा होती.

म्हणून त्या जूनमध्ये त्यांनी कसर ठेवली नाही. मृगाच्या दिवशी हैदराबादेत मासा न खाणारा माणूस एक तर शाकाहारी असतो, नाही तर परगावी. बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. मुकुंदराव पहाटेपासून बसले आणि बर्फाचा डबा भरूनच उठले. ग्रंथीही अशा टपोऱ्या की केतकीनं पाहताक्षणी वा म्हटलं. तिनं त्यांतून संप्रेरक काढलं, आणि थायरॉइड जागा होतो का हे पाहायला मुकुंदरावांनी ते हौदातल्या माशांना टोचलं.

दुसऱ्या दिवशी हौदाच्या तळाशी भिजवलेल्या साबुदाण्यासारखा थर होता. मासे अंगानं हलके झाल्यासारखे फिरत होते. मुकुंदरावांना आनंदच झाला. घरात पाळणा हलल्याच्या सुरात त्यांनी केतकीला फोन केला.

ती आली, हौदात वाकून पाहिलं आणि स्टुलावर बसली.

"मुकुंदराव, या ग्रंथी मृगाच्याच ना?"

"हौ मॅडम. एवढ्या टपोऱ्या बाकी कधी मिळत नाहीत."

बोलता बोलताच त्यांच्या लक्षात आलं. मृग म्हणजे माशांच्या विणीचा हंगाम. ग्रंथी टपोऱ्या होत्या त्या दुसऱ्या भावानं. अख्खं शहर त्या दिवशी मासा खातं, म्हणून तेही डबा घेऊन निघाले होते. माशाच्या बाजूनं पंचांग कुणीच पाहिलं नव्हतं.

केतकीनं पुन्हा एकदा हौदात पाहिलं. मग तिला हसू फुटलं. "औषध मात्र उत्तम झालंय," ती म्हणाली. "मत्स्यपालनवाले पाया पडतील."

थंडीत पुन्हा सुरुवात झाली. हिवाळ्यातल्या ग्रंथी किरकोळ, मन लावून शोधाव्या लागणाऱ्या. जानेवारीअखेर मुकुंदरावांना शाल, श्रीफळ आणि भाषणं मिळाली. त्यानंतरच्या रविवारी ते बाजारात गेलेच. पगार थांबला तरी डोकी थांबली नाहीत, असं भामाबाईंनी शेजारणीला सांगितलं. पण डब्याला बर्फ त्याच काढून देत.

पुढच्या पावसाळ्यात केतकीचा फोन आला, दोघांनीही या म्हणून. भामाबाईंनी ठेवणीतली नारायणपेठ नेसली. केतकीनं सांगितलं की या खेपेला साबुदाणा झाला नाही, सशानं आपलं काम चोख केलं, आणि थायरॉइडची गोळी चारलेल्या माशांचा आकडा उतरला. भामाबाईंचा गोळीनं उतरतो तसाच, म्हणजे या खेपेला मोजला गेला तो बरोबर भाऊच.

मग तिनं फ्रीजरमधून शुद्ध संप्रेरकाची करंगळीएवढी एक नळी काढून मुकुंदरावांच्या हातात दिली. त्यांनी ती खिडकीकडे धरली. तळाशी काच किंचित धुरकट होती, की तसं वाटत होतं.

"यातच आहे?" त्यांनी विचारलं.

"सगळं यातच आहे."

त्यांनी नळी पत्नीपुढे केली. भामाबाईंनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं, नळी थोडी फिरवायला लावून पुन्हा पाहिलं. त्यांना काहीच दिसलं नाही. त्यांनी खांद्यावरचा पदर सारखा केला.

"झाकण घट्ट लाव, बेटा," त्या केतकीला म्हणाल्या. "सांडेल."