रुतलेला तोडा

मी पायातला तोडा बोलतोय. चांदीचा आहे, भरीव आहे, पण सगळं आयुष्य गेलं जमिनीलगत. गळ्यातल्या डोरल्याकडे सगळे बघतात. माझ्याकडे बघायला मान खाली घालावी लागते, आणि ती कोण घालतो? म्हणून मी माणसं ओळखतो ती पायांवरून.

गडचिरोलीच्या सोनारानं मला आणि माझ्या जोडीदाराला घडवलं, ते मनकर्णाच्या लग्नात. तिचं सासर धानोऱ्याकडच्या जंगलातलं, धानाच्या शेतीचं. त्या घरची रीत अशी, की तोडे पायात घालून सोनार हातोडीनं त्यांचं तोंड मिटवणार आणि नवरा जिवंत आहे तोवर ते निघणार नाहीत. नवऱ्याचं आयुष्य तोडेच राखतात, असं घरात सगळे मानत. मीही मानत होतो. मोठा ताठा होता मला!

मनकर्णाची लेक सुकरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा तिच्या पायातले तोडे मांसात रुतले होते. शेजारणी हसून म्हणाल्या, "तोडा रुतला, म्हंजे पोरगाच होते!" गावात हा पक्का शकुन. मनकर्णानं कौतुकानं लेकीच्या पायांना तेल लावलं. मग सुकरीचं डोकं ठणकू लागलं. "माय, डोयापुढं काजवे चमकून राह्यले," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी अंगाला झटके आले. बाहेरचं लागलं म्हणून अंगारा लावला, धूप जाळला. सुकरी गेली, पोटातल्या जीवासकट. तिला शेवटची आंघोळ घालतानासुद्धा पायातले तोडे निघाले नाहीत. मी मनकर्णाच्या पायात बसून सगळं पाहत होतो आणि मलाही काही कळलं नव्हतं.

पुढं मनकर्णाचा नवरा तापानं गेला. तिच्या पायातून आम्हाला काढलं. तिच्या मुलाचं, मुखरूचं लग्न झालं तेव्हा आम्ही सुनेच्या, धुरपताच्या पायात आलो. हलके, चपळ पाय होते ते. बांधावरून धावायची तेव्हा मी घोट्यावर नाचायचो.

धुरपता गर्भार राहिली. दिवस भरत आले तसे ते पाय जडावले. मी सैल होतो, तो घट्ट झालो. माझ्या कडेला बोट दाबलं की खळगा पडायचा आणि लवकर भरायचा नाही. शेजारणी पुन्हा तसंच हसल्या. मला मात्र हसू येईना.

एका सकाळी तांदूळ पाखडता पाखडता धुरपता थांबली. "आत्याबाई, डोस्कं लय ठणकते. डोयापुढं काजवे चमकून राह्यले."

मनकर्णाच्या हातातला तांब्या खाली पडला. तिनं मुलाला हाक मारली, "मुखरू, गाडी जुंप. गडचिरोलीले चाल."

"आत्ता? धान कापणीले आला, माय."

"धान उभा राह्यते. हे नाई राह्यत."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी धुरपताच्या दंडाला पट्टा गुंडाळला, रबरी फुगा दाबला. पारा चढला तसा त्यांचा चेहरा उतरला. "गर्भारपणात रक्ताच्या नळ्या सैलावायला हव्यात," त्या मनकर्णाला म्हणाल्या. "हिच्या आवळल्यात. म्हणून रक्ताचा दाब वाढलाय आणि नळ्यांतलं पाणी झिरपून पाय सुजलेत. झटके आले तर दोन्ही जीव धोक्यात. हिला इथंच ठेवा. आणि हे तोडे आत्ताच कापायचे, खालची कातडी काळी पडतेय."

धुरपतानं पाय ओढून घेतले. "नाई! माहा धनी जिता हाये. तोडे निंगाले अन् त्याले काही झालं म्हंजे? मले घरी न्या." ती खाटेवरून उतरायलाच लागली.

मनकर्णा तिच्यासमोर खाली बसली. लुगडं थोडं वर घेऊन तिनं आपले उघडे घोटे दाखवले. "पाह्य इकडं, पोरी. तुहा सासरा गेला तवा हेच तोडे माह्या पायात होते. चांगले घट्ट होते. वाचवलं काय त्याहीनं? अन् सुकरी तं तोडे घालूनच गेली." मग मुखरूला म्हणाली, "सोनाराले बलाव."

माझा सगळा ताठा तिथंच उतरला. धुरपता खूप रडली आणि मग तिनं स्वतःच पाय पुढं केला.

बारीक करवतीनं मला कापलं. फार दुखलं. पण पायावर उठलेला माझा काळानिळा वळ दिसला आणि मी ते दुखणं विसरलो.

धुरपता दवाखान्यातच राहिली. तिथं मुलगी झाली. किडमिडी होती, पण रडली ती सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशी. निघताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "सूज उतरली म्हणून विसरू नका. दाब तपासायला येत जा. पुढच्या खेपेला तर पहिल्या महिन्यापासून." मुखरू आजही धडधाकट आहे. बायकोला दाब तपासायला तोच घेऊन जातो.

माझा जोडीदार वितळवून नातीचे वाळे केले, चांगले सैल. मला मात्र मनकर्णानं सोनाराला दिलं नाही. दाराजवळच्या खुंटीवर मी तसाच, फट घेऊन लटकतो. गावात कुणाचा तोडा रुतला म्हणून हशा झाला, की ती मला काढून घेते आणि तडक त्या घरी जाते. "रुतला? मंग हासता काऊन? गाडी जुंपा!"

बाबांनो, गर्भारणीच्या तोंडाकडे कौतुकानं बघता, तसं तिच्या पायांकडेही बघत जा. एवढंच माझं मागणं.

काल संध्याकाळी मनकर्णा मला हातात घेऊन अंगणात बसली होती. नात तिच्याभोवती वाळे वाजवत फिरत होती. माझ्या फटीवरून अंगठा फिरवत मनकर्णा हळूच म्हणाली, "सुकरे, तुह्या तोड्याले कोणी कापलं नाई वं, माय."