तपासणीचा कोरा रकाना

"अहो, हा अर्ज आहे की माफीनामा?"

बायकोने कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला आणि चष्मा कपाळावर चढवला. "'आपला बहुमोल वेळ घेत असल्याबद्दल क्षमस्व.' पहिल्याच ओळीत क्षमा! आणि मागायचंय काय, ते शोधायला दुसरं पान उलटावं लागतंय."

"तशी पद्धत असते गं," पेन्सिलकाका म्हणाले.

"पद्धत गेली चुलीत. उद्या पाचला मुदत संपतेय."

निवडीविरुद्ध दाद मागायची मुदत पंधरा दिवसांची होती. त्यातले चौदा दिवस काकांनी पेन्सिलींना टोकं काढण्यात घालवले होते. नगरपालिकेच्या सांडपाणी विभागात ते एकतीस वर्षं आरेखक होते. जमिनीखालच्या वाहिन्यांचे नकाशे काढायचे, हे त्यांचं काम. शेवटची अकरा वर्षं ते इतरांनी काढलेले नकाशे तपासत होते. आता मुख्य आरेखकाची जागा रिकामी झाली, तेव्हा सगळ्या विभागाने ती काकांचीच धरली होती. चहावाल्याने तर आगाऊ अभिनंदनही करून टाकलं होतं. जागा मिळाली धाकटीला.

धाकटी म्हणजे आता अडतीस वर्षांची, दोन मुलांची आई. पण कामाला लागली तेव्हा विभागात सर्वांत लहान होती, म्हणून नाव पडलं ते पडलंच. पट्टी कशी धरायची इथपासून तिला काकांनी शिकवलं होतं. ती हुशार होती, आणि निवड झाली म्हणून तिचा राग यावा असं तिच्यात काही नव्हतं. काकांना लागलं होतं ते निवड समितीच्या पत्रातलं एक वाक्य. 'तपासणी रजिस्टरात अकरा वर्षांत एकही त्रुटी नोंदवलेली नाही. दक्षतेचा अभाव.'

ते खरं होतं, आणि साफ खोटं होतं. नियम असा की, नकाशात चूक सापडली तर ती लाल शाईने रजिस्टरात लिहायची, शेजारी चूक करणाऱ्याचं नाव. रजिस्टर महिन्याला साहेबांकडे जाई. वर्षात तीन लाल ओळी झाल्या की त्या माणसाची वेतनवाढ थांबे. काकांनी अकरा वर्षांत लाल पेनाचं टोपण काढलं नाही. चूक दिसली की ते नकाशाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने दोन शब्द लिहीत आणि कागद ज्याचा त्याच्या टेबलावर पालथा ठेवून येत. तो माणूस चूक सुधारी, पेन्सिल खोडी आणि कागद परत आणून देई. दोघंही चकार शब्द काढत नसत. ही गोष्ट विभागातल्या भिंतींनाही ठाऊक होती. नव्हती ती फक्त रजिस्टराला.

"मग हेच लिहा की!" बायको म्हणाली.

"पुरावा मागतील. पुरावा सगळा खोडरबराने खाल्ला."

"शोधा काहीतरी. मला नका सांगू तुम्हाला ती जागा नकोय."

नको कशी? प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात खाली तीन चौकोन असत. 'काढले', 'तपासले' आणि 'मुख्य आरेखक'. पहिल्या दोहोंत काकांच्या हजारो सह्या होत्या. तिसऱ्यात एकदा सही करावी, अशी त्यांना लहान मुलासारखी हौस होती. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. ही हौस त्यांनी बायकोला कधी बोलून दाखवली नव्हती, पण टेलिफोनच्या वहीवर त्यांची सही चौकोनात बसवून पाहिलेली तिने कितीदा तरी पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका नकाशांच्या खोलीत गेले. जुन्या वाहिन्यांचे नकाशे अजून हातानेच ट्रेसिंग पेपरवर निघत आणि तिथल्या उथळ खणांत आडवे पडून राहत. काय शोधायचं हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. एक नकाशा बाहेर काढून त्यांनी खिडकीशी नेला, धूळ झटकायला तिरका धरला आणि तसेच उभे राहिले. कोपऱ्यात अक्षरं होती. पेन्सिल गेली होती, पण कागदावर तिचा दाब राहिला होता. सरळ पाहिलं तर कोरा कागद, तिरक्या उजेडात त्यांचंच वळणदार अक्षर. 'उतार उलटा. पाणी वर चढणार नाही.'

काकांना इतका आनंद झाला की ते एकटेच हसले. दुसरा नकाशा काढला, तिसरा काढला. सगळं होतं. अकरा वर्षांची दक्षता खणाखणांत पडून होती.

मग त्यांनी पहिल्या नकाशावरचा 'काढले' हा चौकोन पाहिला. सही धाकटीची होती.

"काका, चहा आलाय," म्हणत ती दारात आली, आणि तिरका धरलेला कागद पाहून थबकली. "तो शाळेमागच्या गल्लीचा ना? उतार उलटा काढला होता मी. रात्रभर झोपले नव्हते."

"दिसतंय अजून," काका म्हणाले. चोरी करताना सापडल्यासारखं त्यांना वाटलं.

तिने कागद हातात घेऊन उजेडात वाचला. "लावा हा अर्जाला."

"वेडी आहेस का? 'निवडलेल्या उमेदवाराहून आपण अधिक पात्र कसे' असा रकाना आहे त्यात. हा कागद लावला तर तुझी जागा जाईल."

"जाऊ दे. चूक माझी, पकडली तुम्ही. मी लिहून देते हवं तर."

"लिहून द्यायचं असतं तर तेव्हाच मी लिहिलं नसतं का लाल शाईने?"

"मग आता काय करणार?"

"आता चहा निवेल," काका म्हणाले.

ती गेल्यावर ते बराच वेळ खिडकीशी उभे राहिले. मोह झाला नाही असं नाही. कागद एकदा गुंडाळून काखेतही धरला. मग उलगडून, सपाट करून, होता त्या खणात ठेवला. नवा अर्ज त्यांनी तिथेच उभ्याने लिहिला, एका पानाचा. आपण चुका कशा दाखवत होतो ते लिहिलं. कोणाच्या, ते लिहिलं नाही. पाचला दहा कमी असताना आवक खिडकीवर शिक्का मारून घेतला.

तीन आठवड्यांनी सुनावणी झाली. लांब टेबलापलीकडे तिघं होते. मधल्या बाईंनी अर्ज दोनदा वाचला होता, हे त्यांच्या बोलण्यावरून कळत होतं.

"तुम्ही म्हणता दरवर्षी तीस-चाळीस चुका पकडल्या. एखादं उदाहरण द्या ना. नाव सांगा."

"नाव नाही सांगता येणार."

"अहो, तुमच्याच भल्यासाठी विचारतेय. रजिस्टर तर कोरं आहे. आम्ही वाचायचं काय?"

काकांनी थोडा विचार केला. "बाई, अकरा वर्षांत आमच्या नकाशावरून वाहिन्या टाकलेल्या कुठल्या गल्लीत पाणी तुंबलंय का, तेवढं बघा."

डावीकडचे गृहस्थ हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि आभार मानले.

उत्तर टपालाने घरी आलं. बायकोने पाकीट फोडलं, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं. "'नोंदीअभावी मूळ निर्णय कायम.'" मग तिने कागद खाली ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं काकांनी पाहिलं. निवृत्तीपर्यंतचे महिने आता नुसते महिने होते.

"अर्जात क्षमस्व नव्हतं ना लिहिलं?" तिने विचारलं.

"नाही. एकदाही नाही."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि कागदाची नीट घडी घालून तो कपाटात ठेवला, महत्त्वाचे कागद असतात त्या पिशवीत.

विभागात सगळं पूर्वीसारखं चालू झालं. धाकटी मुख्य आरेखकाच्या टेबलाशी बसू लागली. ते टेबल खिडकीजवळ होतं. नकाशे काकांकडून तपासून तिच्याकडे जात आणि ती तिसऱ्या चौकोनात सही करी. पहिल्या आठवड्यात काकांच्या लक्षात आलं, सही करण्याआधी ती प्रत्येक कागद उचलते, खिडकीकडे वळते आणि क्षणभर तिरका धरते. वाचून झालं की खाली ठेवते. कोणाला काही बोलत नाही. रजिस्टर आता तिच्याच खणात होतं, आणि कोरंच होतं.

त्या दुपारी एका नकाशात काकांना दोन मॅनहोलच्या झाकणांमधलं अंतर चुकलेलं दिसलं. त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं, कोपऱ्यात लिहिलं, 'अंतर पुन्हा मोजा', आणि कागद ज्याचा त्याच्या टेबलावर पालथा ठेवून आले. या खेपेला फक्त त्यांनी पेन्सिल जरा जोर देऊन चालवली होती.