हिराबाईच्या अंगणातली डबाभर माती

मी हिराबाईच्या अंगणातली माती बोलतेय. अळणावरजवळच्या खेड्यात, तिच्या चुलीपासून उंबऱ्यापर्यंत मीच होते. दर आठवड्याला ती मला शेणात कालवून घर सारवायची. मण्णेत्तिन अमावास्येला, म्हणजे मातीच्या बैलांच्या सणाला, तिची सून कविता माझे बैल करायची. शिंगं नेहमी वाकडी.

"बैल केलेस का शेळ्या गं?" हिराबाई विचारायची.

"शेळ्या तर शेळ्या, दूध तरी देतील, आत्ती!"

मग कविताला रक्ताचा कर्करोग झाला. हुबळीच्या दवाखान्यात सात महिने काढून ती गेली.

त्यानंतर धारवाडहून सावनी नावाची विद्यार्थिनी आली. मातीतून आपोआप निघणारी किरणं मोजायची आणि त्यांचा माणसांना धोका आहे का ते बघायचं, हे तिचं काम. माझा थोडा वाटा तिनं खणून नेला. जाताना म्हणाली, "वाळवून, चाळून डब्यात भरणार. डबा महिनाभर घट्ट बंद. मगच मोजणार."

ती गेल्यावर शेजारची सखूबाई म्हणाली, "महिनाभर कोंडायची? अक्का, सापाला कोंडतात तशी? विषारीच असणार ती."

माझ्यातून एक वायू सुटतो, तो डब्यात पुरता साठायला महिना लागतो. डबा उघडा राहिला तर तो निसटतो आणि मोजणी चुकते, एवढंच कारण होतं. पण ते सांगायला तिथं कुणी नव्हतं.

"ह्याच हातांनी सारवलं की गं मी," हिराबाई म्हणाली. "मीच मारली पोरीला."

तिनं जमीन उकरून फरशी घातली. चुकून मला हात लागला, तरी साबणानं तीन-तीनदा धुवायची. त्या वर्षी बैल झाले नाहीत.

पुढच्या ज्येष्ठात सावनी कागद आणि डबा घेऊन आली. "आजी, किरणं सगळीकडं असतात तेवढीच आहेत. सारवण्यानं काही झालेलं नाही."

"मग माझी कविता कशानं गेली?"

सावनीनं कागदाकडे पाहिलं. "ते ह्या मोजणीत कळत नाही, आजी."

मला वाटलं, हिराबाईला हायसं वाटेल. ती रडत बसली. माझ्यावर दोष होता तोवर तिच्याजवळ निदान एक कारण तरी होतं.

आज पुन्हा बैलांची अमावास्या. सकाळी हिराबाईनं सावनीनं ठेवून गेलेला डबा उघडला, माझ्यात पाणी घातलं. बैल शेळ्यांसारखेच झाले. कविताच्या फोटोखाली मी आता वाळतेय. माणसांनो, मला हवं तेवढं मोजा. पण मोजून होईपर्यंत कुणाला, निदान स्वतःला तरी, दोषी ठरवू नका.

दुपार उलटली. हिराबाईच्या बोटांवर मी अजून तशीच आहे. तिनं हात धुतलेले नाहीत.